अंदाजपंचे सारेगम

पेटी वाजवणाऱ्याची ओळख करून देताना आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं. "कुठ्ठं शिकला नाही हां, सगळं कानावरून!" सांगणाऱ्याची छाती फुगते, वाजवणारा खाली बघून भात्याचा खटका चाचपतो आणि पाहुणे "काय सांगता!" म्हणत चिवड्याच्या बशीकडे वळतात. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे प्रमाणपत्र चालत असेल असं वाटत नाही. "हे आमचे दातांचे डॉक्टर, कुठ्ठं शिकले नाहीत" असं कोणी म्हणालं तर पेशंट खुर्चीतून उठून चपला शोधेल. पेटीच्या बाबतीत मात्र न शिकणं हीच पदवी. उलट शिकलेला भेटला की लोकांच्या पोटात गोळा येतो. विशारद झालेल्या माणसाला "ते राज कपूरचं वाजवा ना" म्हणायची चोरी. तो आधी अर्धा तास भूप आळवणार आणि आपण तोवर कुकरच्या शिट्ट्या मोजणार.

कानावरून वाजवणाऱ्यांचं तसं नसतं. फर्माईश तोंडातून पुरती बाहेर पडायच्या आत त्यांची बोटं पट्ट्यांवर पडलेली असतात. मुखड्याची पहिली ओळ हुबेहूब. दुसरीही जवळपास. तिथून पुढे ते जे वाजवतात त्याला गाणं म्हणायला धाडस लागतं. तो त्या गाण्याविषयीचा त्यांचा अंदाज असतो. अंदाजपंचे दाहोदरसे. हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही. माझं तर मत असं आहे की सिनेसंगीत घराघरांत मुरलं ते मूळ रेकॉर्डींइतकंच या अंदाजांच्या जोरावर.

आमचे मामा या पंथातले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम डोंबिवली. त्यांची पेटी एरवी कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली. गणपतीत आरतीसाठी ती खाली उतरते. गणपती दीड दिवसाचा, पेटी मात्र अनंत चतुर्दशीपर्यंत मखराच्या जागी ठाण मांडून बसते. आरती ही नुसती सबब. 'घालीन लोटांगण' आटपतं न आटपतं तोच मामांची बोटं शंकर-जयकिशनकडे वळतात आणि प्रसाद वाटणाऱ्या मामींना कळून चुकतं की आता जेवणं दहाच्या आत होत नाहीत.

मामांचा सा आयुष्यभर पांढरी एकवर. दुसऱ्या पट्टीत वाजवायचं तर काळ्या-पांढऱ्यांचा सगळा हिशेब फिरतो, आणि मामांचा हिशेब डोक्यात नसून बोटांत आहे. मावशी गाते काळी चारला. पांढरी एकला तिचा आवाज तळघरात जातो आणि काळी चारला मामांची बोटं परमुलखात गेल्यागत बावचळतात. "दादा, जरा वर घे ना." "अगं, तूच जरा खाली ये ना." ही बोलणी बरीच वर्षं चालली. शेवटी मामांनी स्केलचेंजर पेटी घेतली. तिच्यात पट्ट्यांचा अख्खा संच उचलून बाजूला सरकवता येतो. बोटं पांढरी एकचीच हलतात, सूर काळी चारचा निघतो. ज्या कारागिराला ही युक्ती सुचली त्यानं किती घरांतल्या भाऊबिजा वाचवल्या असतील!

तर मुखडा होतो. मग मधलं म्युझिक. हे मामा तोंडानं वाजवतात. पन्नास व्हायोलिनचा ताफा दोन हातांच्या पेटीवर कसा आणणार, म्हणून "टँण टँटँण टँण" असं म्हणत ते ती जागा भरून काढतात आणि शेवटच्या 'टँण'ला बरोबर अंतऱ्याच्या पहिल्या सुरावर बोट ठेवतात. यात ते कधीही चुकत नाहीत. खरी मजा पुढे आहे. सिनेमातल्या गाण्यांचा अंतरा बहुधा वर चढतो, तार षड्जाला हात लावतो, तिथं जरा रेंगाळतो. मग येते ती वेगळ्या वळणाची मधली ओळ, जिला वादक मंडळी क्रॉस लाइन म्हणतात. तिथून फिरून मुखड्यावर यायचं असतं. मामा चढतात झोकात. उतरायचा रस्ता त्यांना ठाऊक नसतो.

अशा वेळी त्यांचे दोन्ही हात बघण्यासारखे असतात. उजवा थांबलेला असतो, करंगळी एका पट्टीवर टेकून पुढच्या हुकमाची वाट बघते. डाव्याला याची खबरच नसते. तो इमानेइतबारे भाता हलवत राहतो. त्यामुळे तो एकच सूर निघतो आहे, निघतो आहे, निघतोच आहे. मामांची नजर पंख्याकडे. सगळी खोली मानेनं थोडी पुढे झुकलेली. मग अनामिका शेजारच्या पट्टीकडे हळूच चौकशी करते. नाही. मधलं बोट एक काळी दाबून बघतं. छे, छे. "थांबा थांबा, आलं," असं मामा म्हणतात, पण आलेलं काहीच नसतं. आणि मग, जणू हेच मुळात वाजवायचं होतं अशा थाटात, ते आपला सर्वकालीन तोडगा काढतात: प म ग रे सा. गाणं घरी येतं. सगळे सुटकेचा श्वास सोडतात. मावशी टाळी देते.

मी ताडून बघितलं आहे. 'आवारा' असो, भावगीत असो, देवीची आरती असो, मामांकडे सगळ्यांचा शेवट एकच. आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक वेळा तो खपून जातो.

का खपतो, याला कारण आहे. चालीची पहिली ओळ बऱ्याचदा पंचमावर किंवा रिषभावर जाऊन थांबते. तिथं कोणाचंच समाधान होत नाही. अजून काहीतरी राहिलं आहे असं कानाला वाटत राहतं. दुसरी ओळ षड्जावर टेकली की ते 'राहिलेलं' पुरं होतं. म्हणजे चाल पुढे कुठं जाणार हे वाजवणाऱ्याला ठाऊक नसलं तरी ती कुठं मुक्कामाला जाणार हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं, अगदी पेंगुळलेल्या आजोबांनाही. लिओनार्ड मेयर नावाच्या अमेरिकन पंडितानं १९५६ साली यावर एक जाड पुस्तक लिहिलं. सार असं की संगीतातली भावना अपेक्षेतून निर्माण होते: अपेक्षा जागवायची, ती थोडी लांबवायची, जरा हुलकावणी द्यायची आणि मग पुरवायची. मेयरसाहेबांना पुण्यातल्या एखाद्या मैफलीत पहिल्या रांगेत बसवलं असतं तर पुस्तक निम्म्या पानांत आटोपलं असतं. तिथं तबलजीनं तिहाई सुरू केली की पहिल्या तुकड्यालाच समोरच्या माना ताणल्या जातात, दुसऱ्याला हात मांडीवरून वर उचलले जातात आणि तिसऱ्याचा शेवटचा 'धा' समेवर पडला की हात, मान आणि 'वा!' एकाच क्षणी खाली येतात. ज्याचा हात अर्धी मात्रा आधी पडतो तो पुढची दहा मिनिटं घड्याळाचा पट्टा घट्ट करत बसतो.

अंदाजाला धोका एकच. अंदाज बरोबर असतो, गाणं दुसरंच निघतं. एकाच रागातल्या दोन चाली म्हणजे पेटीवाल्याला चकवा. मामांनी एका कोजागिरीला 'तोच चंद्रमा नभात' सुरू केलं. बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची चाल, यमन. मुखडा सुरेख झाला. अंतऱ्यात तीव्र मध्यमापाशी कुठंतरी रूळ बदलला आणि मामा थेट १९६८च्या 'सरस्वतीचंद्र'मध्ये शिरले. तिथलं मुकेशचं प्रसिद्ध गाणंही यमनच्याच अंगानं जातं. मावशी आपली शांताबाई शेळक्यांचे शब्द कल्याणजी-आनंदजींच्या चालीत बसवायची शिकस्त करत होती. शेवटी तिनं डोळे वटारले तेव्हा मामा म्हणाले, "अगं, इथंही चंद्र, तिथंही चंद्र. तुला दुधाशी मतलब ना?"

माझ्या मते संगीतकाराची खरी परीक्षा समीक्षकांनी घेऊ नये, पेटीवाल्या मामांनी घ्यावी. जी चाल पहिल्या बैठकीत, न अडखळता, पमगरेसाच्या आधारानं पार पडते ती वरातीला उत्तम, पण तिच्यात संगीतकारानं आपल्याला फसवलेलं नाही. आणि न फसवणाऱ्या संगीतकाराचा मला फार भरवसा वाटत नाही. सलील चौधरी घ्या. त्यांची चाल सरळ चाललेली असते, आपण षड्जाच्या दारात पाय ठेवणार, एवढ्यात ती डावीकडे वळते आणि दारावरची पाटीच बदलते. आपण ज्याला सा समजत होतो तो सा राहत नाही. हृदयनाथ मंगेशकर तर याहून पुढचे. त्यांची चाल कानाला ओळखीची वाटते म्हणून मामा आत शिरतात आणि दुसऱ्याच ओळीत एवढी मोठी उडी येते की हाताला पट्ट्या ओलांडून पळावं लागतं. 'जैत रे जैत'मधलं काही वाजवा असं एकदा कोणी म्हणालं. मामांनी शांतपणे भाता मिटला, खटका लावला आणि म्हणाले, "आधी जेवून घेऊ."

सलीलदांचा दुसरा एक किस्सा मामांच्या नावावर जमा आहे. 'छाया' या १९६१ सालच्या चित्रपटातलं तलत आणि लताचं द्वंद्वगीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा मुखडा मोत्झार्टच्या चाळिसाव्या सिंफनीच्या सुरुवातीवरून घेतलेला. ती सिंफनी १७८८ सालची. मामांना हे माहीत नव्हतं, माहीत असायचं कारणही नव्हतं. त्यांनी सुरुवात अगदी बरोबर वाजवली, पुढे अडले आणि गंधार कोमल की शुद्ध याची फारशी विचारपूस न करता पमगरेसा लावून मोकळे झाले. मोत्झार्ट व्हिएन्नाहून निघाला, सलीलदांकडे मुंबईला उतरला आणि डोंबिवलीत येऊन मांडी घालून बसला.

सोप्या दिसणाऱ्या चालींचा फास वेगळाच. सुधीर फडक्यांनी १९५५-५६ साली पुणे केंद्रावर आठवड्याला एक याप्रमाणे 'गीतरामायणा'ची ५६ गाणी सादर केली. ती ऐकून महाराष्ट्रातल्या प्रत्येक पेटीवाल्याला वाटलं, हे तर आपल्यालाही येतं. येतंच! सूर सगळे सापडतात. फक्त बाबूजी सापडत नाहीत. कारण त्यांच्या गाण्यात एक सूर दुसऱ्यात जसा घरंगळत मिसळतो तसं पेटीला करताच येत नाही. मींड हा तिचा प्रांत नव्हे. ती प्रत्येक सुराला वेगळं तिकीट फाडते. याच कारणानं जाणकार तिच्यावर खार खाऊन होते. ऑल इंडिया रेडिओनं तर १९४० साली पेटीला स्टुडिओचं दारच बंद केलं. ते पुन्हा किलकिलं व्हायला १९७१ साल उजाडलं. म्हणजे तीस वर्षं अशी गेली की रेडिओवर पेटी नव्हती आणि घरोघरी पेट्यांवर मात्र रेडिओचीच गाणी होती.

तीही सहजासहजी मिळत नव्हती. आजच्या पोरांना सांगून पटत नाही, पण स्वातंत्र्यानंतर नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर यांना सिनेसंगीताची ॲलर्जी होती. राष्ट्राच्या कानांना शास्त्रीय संगीताची गोडी लागावी म्हणून त्यांनी रेडिओवरची फिल्मी गाणी आखडती घेतली. राष्ट्रानं कान दिला, पण सिलोनला. १९५२ साली तिथं 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज आला की रस्ते ओस पडायचे. आपल्या सरकारनं 'विविध भारती' काढली ती १९५७ च्या ऑक्टोबरात, म्हणजे लोकांचे कान परदेशी स्थायिक झाल्यावर.

मामांची पिढी या बुधवारांवर पोसली. विचार करा. गाणं आठवड्यातून एकदा ऐकायला मिळणार. शॉर्टवेव्हची लाट येणार आणि जाणार. ऐन अंतऱ्यात लताबाई समुद्रात बुडणार आणि क्रॉस लाइन संपल्यावर पलीकडे वर येणार. मधलं काय झालं ते ज्यानं त्यानं आपल्या वकुबाप्रमाणे भरायचं. शेवट ऐकायला मिळेल याची शाश्वती नाही. पुढच्या बुधवारपर्यंत सात दिवस तीच अर्धी चाल गुणगुणत काढायची. एका गल्लीत एकाच गाण्याचे तीन शेवट नांदत असत. एक नाक्यावरच्या माउथ ऑर्गनवाल्याचा, एक भजनी मंडळातल्या पेटीवाल्या अण्णांचा आणि एक न्हाणीघरात गाणाऱ्या इसमाचा, ज्याच्या चालीला बादलीचा ठेका असे. पुढच्या बुधवारी निकाल लागायचा. पण तोवर ज्याला त्याला आपला शेवट इतका अंगवळणी पडलेला असायचा की सिलोनचा निकाल कोणी फारसा मनावर घेत नसे.

त्यात ज्यांच्या घरी रेकॉर्ड होती ते वेगळीच ऐट करत. पण ७८च्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. सिनेमात एखादं कडवं जास्त असलं तर ते तबकडीवर कुठून येणार? मग सिनेमा चारदा पाहिलेला आणि रेकॉर्ड घासून झिजवलेला, अशा दोघांत जुंपायची. दोघेही खरे बोलत असल्यामुळे भांडण मिटायचं कारणच नसायचं.

तसं बघितलं तर कानावर भरवसा ही आपली जुनीच चाल. 'सौभद्र'सारख्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर स्वरलिपी नसे. नुसतं लिहिलेलं असे, 'चाल: अमुक अमुक'. म्हणजे ती चाल वाचकाला येत असणारच, असं गृहीत. नसेल येत तर शेजारच्या काकूंना येत असेल. काकूंनाही अर्धीच येत असेल तर पुढे आहेच, पमगरेसा.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी हौशी लोकांची तऱ्हा. खुद्द स्टुडिओत असलं काही चालत नसेल. तिथंही दोन जाती होत्याच. संगीतकार पेटी पुढ्यात घेऊन चाल गुणगुणायचा. अनेकांना पाश्चात्त्य नोटेशनशी देणंघेणं नव्हतं. समोर गोव्याचा अरेंजर बसलेला. तो चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन शिकून मुंबईला आलेला. इकडून सूर निघाला की तिकडे कागदावर काळे ठिपके पडायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते ठिपके बघून अख्खा ताफा वाजवायचा. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतल्या व्हायोलिनच्या लाटा सेबॅस्टियन डिसूझांच्या लेखणीतून आल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'त शिष्यानं गुरूचं नाव असं काही वाजवलं की ते रिक्षावाल्यांपर्यंत पोचलं. गुरुदक्षिणेचा याहून खणखणीत प्रकार मला ठाऊक नाही.

पण शेवटाचं काय? एवढे जाणते लोक, एवढे ठिपके, एवढी व्हायोलिनं. आणि कितीतरी गाण्यांत शेवटी काय करतात? मुखडा पुन्हा पुन्हा म्हणत राहतात आणि काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट आवाज बारीक करत करत नाहीसा करतो. फेड आउट म्हणतात त्याला. म्हणजे गाणं संपलंच नाही. ते अजूनही तिथं चालू आहे, आपल्याला ऐकू येईनासं झालं इतकंच. मामांना हे कळलं तेव्हा त्यांचा आत्मविश्वास दुणावला. त्यांनी पेटीवर फेड आउट करून पाहिला. भाता हळू हळू मारत न्यायचा. पण वारा कमी पडला की पेटीचा सूर बारीक होत नाही, आधी रडवेला होतो, मग थरथरतो आणि शेवटी उचकी लागून बंद पडतो. मामी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काय झालं हो?"

अलीकडे या अंदाजांवर संक्रांत आली आहे. मामांच्या नातवाकडे कीबोर्ड आहे आणि मोबाइलवर शिकवण्या आहेत. पडद्यावर रंगीत पट्ट्या वरून खाली पडतात, ज्या पट्टीवर पडतील ती दाबायची. गाणं अवघड वाटलं तर वेग निम्मा करायचा. पोरगं क्रॉस लाइनसकट सगळं बिनचूक वाजवतं. परवा त्यानं मामांचं लाडकं गाणं वाजवून दाखवलं आणि शेवट मामांच्या शेवटापेक्षा वेगळा निघाला. मामांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग मूळ गाणं लावायला सांगितलं. डोळे मिटून, मांडीवर ठेका धरून ते सगळं ऐकलं. मग म्हणाले, "छान आहे. पण आपला जास्त समाधानाचा आहे."

पोरगं हसलं. मला मात्र मामांचं म्हणणं पूर्ण चूक वाटत नाही. त्या पोराला शेवट माहीत आहे, म्हणून त्याला अंतऱ्यात भीती वाटत नाही. भीती नाही म्हणून कोणी मान पुढे करत नाही, पंख्याकडे बघत नाही, "आलं, आलं" म्हणत नाही. गाणं बिनचूक होतं आणि लोक मध्येच फोन बघतात.

ज्यांनी या शेवटाच्या प्रश्नाची वासलात कायमची लावली आहे असे एकच लोक मला ठाऊक आहेत: वरातीतले बँडवाले. त्यांचा राष्ट्रीय ठेवा म्हणजे 'नागिन'ची पुंगी. हा सिनेमा १९५४चा, संगीत हेमंतकुमारांचं. आणि त्या पुंगीत पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर ती वाजवली, जोडीला रवींची पेटी. दोघेही पुढे संगीतकार म्हणून गाजले. म्हणजे मूळ गारुड्याची नक्कल क्लॅव्हिओलिननं केली, क्लॅव्हिओलिनची नक्कल बँडच्या क्लॅरिनेटनं केली आणि क्लॅरिनेटची नक्कल गाडीवरच्या कीबोर्डनं. नाग मात्र अजून तोच: नवऱ्या मुलाचा इंजिनिअर मित्र, दातांत रुमाल धरून डांबरी रस्त्यावर लोळणारा.

गेल्या लगीनसराईत एका वरातीत मी बँडच्या शेजारून चालत होतो. 'जत्रा'तली कोंबडी चालली होती. २००६ साली अजय-अतुलनी ती मराठीत पळवली आणि २०१२ साली 'अग्निपथ'मध्ये हिंदीत नेली. त्यामुळे अर्धी वरात मराठी शब्द ओरडत होती, अर्धी हिंदी, आणि बँडला दोन्ही चालत होतं. कोंबडी संपायच्या आत तिच्यातून नागीण निघाली. नागिणीच्या पोटातून 'झिंगाट'. प्रत्येक गाण्याचा मुखडा चोख, अंतऱ्याचा पत्ता नाही, आणि शेवट तर औषधालाही नाही. बँडमास्तर ट्रम्पेट पुसायला क्षणभर थांबले तेवढ्यात मी विचारलं, "मास्तर, गाणी बसवता कशी? नोटेशन वगैरे?"

"कसलं नोटेशन साहेब! मोबाइलवर दोन वेळा ऐकायचं."

"पण एकही गाणं शेवटपर्यंत वाजलं नाही. ही नागीणच घ्या. संपते कशी ती?"

मास्तरांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. ट्रम्पेट ओठांकडे नेता नेता म्हणाले, "नवरदेव घोड्यावरनं उतरला की संपती."